चिक्कीसारखा दगड

मैसूर,
९ फेब्रुवारी २०२५

ती. अलकाताईंस,
सा. नमस्कार.

आज सकाळी दूध आणले. नळाला पाणी आले होते, टाकी भरून घेतली. जेवण झाल्यावर बाहेरच्या खोलीतल्या फळ्या आवरायला घेतल्या. तिथे अस्तराच्या कापडाची एक पुरचुंडी सापडली. सोडली, तर आत दगड होता. त्याबद्दल हे पत्र आहे.

फोन केला असता. पण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला बोलता येत नाही. मागच्या वेळी आपण दोघे बराच वेळ हॅलो म्हणालो आणि मग ठेवला.

कावेरी गेली त्या दिवशी स्मशानात जीवखडा अण्णांनी उचलून दिला. अण्णा म्हणजे माझे थोरले भाऊ मानाजीराव, टेलरिंगचे दुकान आहे ते. तुमच्याकडची रीत मला माहीत नाही म्हणून सांगतो. त्या दगडाने पाण्याचे मडके फोडतात. मग रोज त्याच दगडावर गेलेल्या माणसाच्या नावाने पाणी घालतात, आणि दहाव्याला तो नदीत सोडतात. तोवर माणूस त्या दगडात असतो असे अण्णा म्हणतात. अण्णांनी तो दुकानातल्या पांढऱ्या अस्तराच्या तुकड्यात बांधला आणि गाठ सोडायची नाही म्हणाले. पाणी पुरचुंडीवरूनच घातले. मी दगड पाहिला नाही. त्या दिवशी मी कशाकडेच नीट पाहिले नव्हते.

त्याच दिवसांत वहिनींनी सुतकाची साफसफाई केली. शोकेसमध्ये कावेरीने मांडलेले तुमचे दगड त्यांनी काढले आणि एकेकाची पुरचुंडी बांधली. तेही अस्तरातच. आमच्या घरात काहीही बांधायचे तर अस्तर. गाठही सगळ्यांची एकच, वडिलांनी शिकवलेली. त्यांनी पुरचुंड्या पेटीत भरल्या, पण एक पेटीत मावली नाही म्हणून फळीवर ठेवली. फळीवर जीवखडाही होता. दहाव्याला मी हाताला आली ती पुरचुंडी घेतली, श्रीरंगपट्टणला पश्चिमवाहिनीवर गेलो आणि पाण्यात सोडली. फळीवर दोन होत्या हे आज कळले.

राहिलेला दगड मुठीपेक्षा मोठा आहे. आत बोराएवढे गोटे आहेत, पांढरे, तांबूस, एक काळपट, आणि त्यांच्या मध्ये घट्ट वाळू. मला तो काँक्रीटचा वाटतो. स्मशानात तेव्हा जुना कट्टा फोडला होता आणि त्याचे तुकडे सगळीकडे पडले होते. अण्णांनी त्यातला उचलला असेल तर कावेरी अजून घरात फळीवर आहे आणि नदीत तुमचा एखादा दगड गेला.

अण्णांना विचारले. म्हणाले, "अय्यो, काळा कल्लु होता! चामुंडीच्या डोंगराचा अस्सल!" कल्लु म्हणजे दगड. संध्याकाळी म्हणाले, तांबडा होता. त्यांच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन व्हायचे आहे.

त्यांचा उपाय सोपा आहे. मार्चमधल्या मासिक श्राद्धाला हाही दगड नदीत सोडायचा. "दोन्ही सोडले की एक तरी बरोबर," म्हणतात. हा जीवखडा असेल तर मी ठेवून घेऊ शकत नाही. कावेरीच्या शोकेसमधला असेल तर मला तो सोडायचा नाही. तुमचा आहे का, एवढे कळवावे. फोटो सोबत आहे.

आपला,
त्र्यंबक


सांगली,
१४ फेब्रुवारी

त्र्यंबकराव, नमस्कार.

फोटो पोचला. त्यात तुमचा अंगठा उत्तम आला आहे. त्याच्या मागे एक दगडही असावा.

कावेरीला मी किती दगड दिले याचा हिशेब नाही. माणसं बहिणीकडे साडी घेऊन जातात, मी दगड घेऊन गेले. तिने तक्रार एकदाच केली. "ताई, तू येणार म्हटलं की ह्यांना स्टेशनवर हमाल करावा लागतो." तेव्हा तो हमाल तुम्हीच होतात, तुम्हाला आठवत असेल.

त्या दगडांत बदामीचा एक पिंडाश्म होता, हे नक्की. पिंडाश्म म्हणजे काय ते सांगते, कारण तीस वर्षं सांगितल्यावर न सांगता राहवत नाही. डोंगरातून पूर आलेली नदी दगड घेऊन येते. लोळून लोळून त्यांचे कोपरे झिजतात, गोटे होतात. पुढे उतार संपला की नदी दमते आणि सगळ्यात जड ओझं आधी खाली टाकते. गोट्यांच्या फटींत वाळू बसते. वर आणखी गाळ साचतो, त्याच्या वजनाने सगळं दबतं, पाण्यात विरघळलेली खनिजं फटींत बसून ते सांधतात. झाला गाळाचा खडक. बदामीचा हा खडक झाला तेव्हा पृथ्वीवर गवताची काडीसुद्धा उगवलेली नव्हती.

आणि माणूस हेच काम सिमेंट घालून एका दुपारी करतो. म्हणून फसगत होते. माझ्या एका विद्यार्थ्याने प्रात्यक्षिकात पिंडाश्म बघून लिहिलं होतं, "हे स्लॅबचे काम असून क्युरिंग चांगले केले आहे." मी त्याला नापास केलं. आता त्याचं बांधकामाचं चांगलं चाललं आहे.

तेव्हा मी ओळखण्यापेक्षा तुम्ही बघा. गोटे गोल आहेत की धारदार? क्रशरची खडी धारदार असते. निसर्गातही धारदार तुकड्यांचा असा खडक असतो, पण त्याचं नाव वेगळं. मधल्या भागात बुडबुड्यांची भोकं आहेत का? आणि कुठे कोपरा तुटलेला असेल तर तिथला गोटा अख्खा निसटून खळगा पडला आहे, की गोटाच वांगं चिरावं तसा चिरला आहे? कच्च्या सांध्यात गोटा निसटतो. पक्क्या खडकात भेग गोट्यातूनच जाते.

दिवसाच्या उजेडात बघा. अण्णांना विचारू नका.

अलका

ता. क. तुमच्या मराठीची माफी मागायची तयारी केलेली दिसते, शेवटची खोडलेली ओळ वाचली. मी भूगर्भशास्त्र शिकवलं, ऱ्हस्वदीर्घ नाही.


मैसूर,
१९ फेब्रुवारी

ती. अलकाताईंस,
सा. नमस्कार.

पत्र काल मिळाले. आज गच्चीवर जाऊन भिंगाने पाहिले.

गोटे गोल आहेत. मला बरे वाटले. पण वरच्या मजल्यावर पावनी म्हणून मुलगी भाड्याने राहते, ती इमारतींच्या साइटवर इंजिनिअर आहे. ती कपडे वाळत घालायला आली होती. तिने दगड हातात घेतला, नखाने वाजवला आणि म्हणाली, "अंकल, काँक्रीटच. जुन्या कामात नदीची गोल जल्ली घालत. आता नदीतून काढू देत नाहीत." जल्ली म्हणजे खडी. मग गोल असून उपयोग झाला नाही.

मधल्या वाळूत दोन भोके सापडली. पावनी म्हणाली हवेचे बुडबुडे. अण्णा तोपर्यंत वर आले होते. ते म्हणाले, ती जीव आत-बाहेर करायला आहेत.

एक कोपरा तुटलेला आहे. तिथला पांढरा गोटा अर्धा चिरला आहे, तुम्ही म्हणता तसा. हे मी पावनीला दाखवले. ती म्हणाली, "काँक्रीट चांगले असेल तर तेही असेच तुटते, अंकल." मी विचारले, स्मशानाच्या कट्ट्याला इतके चांगले काँक्रीट वापरतात का. ती विचारात पडली. हा एक मुद्दा आपल्या बाजूचा धरावा का?

तुमचे पत्र अण्णांनी मागून घेतले. मी नको म्हणालो नाही. त्यांनी पिंडाश्म एवढा एक शब्द वाचला आणि चष्मा काढला. "पिंड आहे, अश्म आहे, आणखी काय पाहिजे? कॉलेजातल्या बाईंनी स्वतः लिहून दिले आहे!" त्यांनी श्रीरंगपट्टणची गाडी ठरवली. मासिकाच्या दिवशी सकाळची. वहिनी चित्रान्न करून देणार आहेत.

अण्णांना मी आजवर कशाला नाही म्हटलेले नाही. बेळगोळच्या फॅक्टरीत लागलो तेही ते म्हणाले म्हणून. कावेरीला पाहायलाही तेच घेऊन गेले होते. त्यामुळे त्यांचे सगळेच चुकते असे म्हणता येत नाही.

दगड सध्या माझ्या टेबलावर आहे. फळीवर ठेवला नाही.

आपला,
त्र्यंबक


सांगली,
२४ फेब्रुवारी

त्र्यंबकराव, नमस्कार.

ती पावनी हुशार आहे. माझ्या वर्गात असती तर मी तिच्यावर रोज चिडले असते.

आता असं करा. बाजारातून एक लिंबू आणा. पावनीकडून तिच्या साइटवरचा जुन्या काँक्रीटचा तुकडा मागून घ्या. दोन्ही दगडांवर गोट्यांच्या मधला भाग खिळ्याने खरवडा, थोडी भुकटी निघू द्या आणि वर रस पिळा. काँक्रीटवर फेस येईल, बारीक, सोड्यासारखा. बदामीच्या दगडात वाळू वाळूनेच सांधलेली आहे, त्यावर काहीही होणार नाही. रस नुसता ओघळेल.

पावनी म्हणेल की काही पिंडाश्म चुन्याने सांधलेले असतात, त्यांच्यावरही फेस येतो. बरोबर म्हणेल. पण मी कावेरीला तसला दगड कधी दिला नाही. तेव्हा आपल्यापुरता निकाल लिंबू देईल. फेस आला तर तो माझा नाही, अण्णांच्या गाडीत बसा. नाही आला तर माझा.

त्या दगडाबद्दल मला आणखी एकदोन गोष्टी माहीत आहेत. त्या आत्ता सांगत नाही. आधी सांगितल्या तर तुम्हाला दगडात त्याच दिसतील. मुलांना मी हेच सांगायचे, नाव नंतर, आधी डोळे.

अलका


मैसूर,
२ मार्च

ती. अलकाताईंस,
सा. नमस्कार.

पत्र गुरुवारी मिळाले. लगेच लिंबे आणली. खोलीत उजेड कमी म्हणून पुढच्या दारात, उंबऱ्याजवळ पाट मांडून बसलो. दोन्ही दगड, सुरी, खिळा आणि लिंबे. हात पुसायला पुरचुंड्यांच्या पेटीतला एक कापडाचा तुकडा घेतला, तो लाल निघाला. त्या दिवशी अमावास्या होती हे माझ्या लक्षात नव्हते.

पहिले लिंबू चिरले आणि अण्णा आले. दारातच थांबले. चपला काढल्या नाहीत.

"त्र्यंबका, हे कधीपासून?"

मी म्हणालो, "आत्ताच बसलो."

"कोणावर करतोस?"

"दगडावर."

अण्णा उलट्या पावली गेटपर्यंत गेले आणि तिथून वहिनींना फोन केला. समोरच्या घरातली माणसे बाहेर आली. वहिनी रिक्षाने आल्या, येताना मीठ आणि सुक्या मिरच्या घेऊन. मी सांगत होतो की सांगलीच्या ताईंनी असे करायला सांगितले आहे. त्याने त्यांची काळजी वाढली. वहिनींनी माझी दृष्ट काढली. समोरच्या बाईंनी त्यांचा नातू आत नेला.

मग पावनी ड्युटीवरून आली. तिने सगळ्यांना कन्नडमध्ये समजावले, बराच वेळ. काय समजावले ते मी ऐकले, ते बरोबर होते, पण अण्णा म्हणाले, "बरे बरे. पण मिरच्यांचा ठसका कोणाला लागला नाही, हे मी पाहिले आहे."

त्यानंतर प्रयोग केला. पावनीच्या तुकड्यावर पहिल्याच थेंबाला फेस आला. आवाजही आला, बारीक. अण्णांनी कान लावून ऐकला. आपल्या दगडावर काही झाले नाही. रस ओघळून पाटावर आला.

लिंबू जुने असेल म्हणून दुसरे चिरले. जागा बदलून पाहिली. मग खालची बाजू खरवडली. सहा लिंबे आणली होती, सहाही चिरली. एक बुडबुडा आला नाही. पावनी म्हणाली, "अंकल, बस. आता ह्याला काँक्रीट म्हणता येत नाही." तिने हार मानली हे तिच्या बाजूने मोठे आहे. शेवटची लिंबे चिरताना ती नुसती बाजूला बसून राहिली.

अण्णांनी विचारले, "म्हणजे कावेरी नदीत पोचली?"

मी म्हणालो, "होय."

"मग काळाच कल्लु. मी पहिल्यांदा सांगितले होते." आणि म्हणाले, तरी बाईंचे लेखी येऊ दे, गाडी मी रद्द करत नाही.

तेव्हा कृपा करून लेखी पाठवावे.

आपला,
त्र्यंबक


सांगली,
७ मार्च

त्र्यंबकराव, नमस्कार.

मानाजीरावांसाठी वेगळा कागद सोबत जोडला आहे. मोठ्या अक्षरात लिहिला आहे, ऑपरेशनच्या आधीही वाचता येईल. "सदर नमुना नैसर्गिक पिंडाश्म असून तो अधोस्वाक्षरीकर्तीने कै. कावेरी हिला भेट दिलेला आहे. तो नदीत टाकू नये. तो एकदा नदीतून आलेला आहे." कॉलेजचा शिक्का माझ्याकडे राहिलेला नाही, म्हणून वाचनालयाचा मारला आहे. त्यांना शिक्का लागतो असं वाटलं.

आता राहिलेल्या गोष्टी. बदामीला आम्ही दोघी गेलो होतो, तुमच्या लग्नानंतरच्या उन्हाळ्यात. पायवाटेच्या कडेला हा दगड सुटा पडला होता. मी तिला गोटे, वाळू, नदी सगळं सांगत होते. ती म्हणाली, "ताई, ही तर शेंगदाण्याची चिक्की आहे." तिथे एक माकड बसलं होतं, त्याचंही तेच मत पडलं. त्याने दगड तिच्या हातातून ओढला, कठड्यावर चढून चावा घेतला, आमच्याकडे अशा नजरेने बघितलं की आम्हीच त्याला फसवलं, आणि दगड खाली फेकला. कोपरा तेव्हा तुटला. पांढरा गोटा अर्धा चिरला. कावेरी पायरीवर बसून हसली, तिला उठवेना. ते तुम्हाला तिने सांगितलं नसेल. दगड फुटला म्हणून मी तिच्यावर ओरडले होते.

दुसरं. एकदा तुम्ही कामावर असताना मी आले, तेव्हा शोकेसमध्ये हा दगड नव्हता. शोधला, तर स्वयंपाकघरात लिंबाच्या लोणच्याच्या बरणीत ताटलीवर ठेवलेला! लिंबं खाली दाबून धरायला. मी भाषण दिलं. इतका चांगला नमुना, आणि लोणच्यात! ती म्हणाली, "ताई, त्याला मुळात दाबूनच केलंय ना? तो समजून घेईल." लोणचं मुरलं की धुऊन परत शोकेसमध्ये ठेवत असे. म्हणून तुम्हाला ते कळलं नाही. हा दगड काँक्रीटचा असता तर तिच्या मीठ-लिंबाने केव्हाच खाऊन टाकला असता. म्हणजे हा लिंबाचा प्रयोग तिने माझ्या आधी वीस वर्षं केलेला आहे.

एक विचारते. सहा लिंबं कशाला? मी एक लिहिलं होतं.

उत्तर दिलं नाही तरी चालेल. गुडघ्यामुळे मी तिला शेवटचं बघायला येऊ शकले नाही. पहिलं पत्र आलं, ती अजून फळीवर आहे असं तुम्ही लिहिलं होतं, तेव्हा मी ते पान दोनदा वाचलं आणि लगेच उत्तर लिहायला बसले नाही. एवढंच.

अलका


मैसूर,
१६ मार्च

ती. अलकाताईंस,
सा. नमस्कार.

आज रविवार. मासिक शुक्रवारी झाले. कागद मिळाला. अण्णांनी तो शिक्क्यासह दुकानात मापांच्या टेबलाच्या काचेखाली लावला आहे. गिऱ्हाइकांना ते माकडाची हकीकत सांगतात. त्यांच्या हकीकतीत ते स्वतः बदामीला होते आणि माकडाला काठीने त्यांनी हाकलले.

गाडी रद्द झाली नाही. आगाऊ सांगून ठेवलेली गाडी परत पाठवणे बरे दिसत नाही असे अण्णा म्हणाले, म्हणून आम्ही नंजनगूडला देवाला जाऊन आलो. वहिनींनी चित्रान्न केले होते. पावनीही आली. वाटेत नदीवरचा पूल लागला तेव्हा अण्णांनी माझ्या पिशवीकडे पाहिले. मी पिशवी उघडून दाखवली. आत पाण्याची बाटली होती. ते म्हणाले, "सुम्ने पाहिले." म्हणजे उगीच.

सहा लिंबे कशाला, असे तुम्ही विचारले. तुम्ही पान दोनदा वाचले असे लिहिले आहे. तेच समजावे.

ती सहा लिंबे मी टाकली नव्हती. फोडींना मीठ लावून डब्यात, फ्रिजमध्ये ठेवली होती. आज अण्णा गेल्यावर माळ्यावरून तिची बरणी काढली, धुतली, उन्हात वाळवली. मिठाचे प्रमाण मला माहीत नाही. डोळ्यांनी घातले. हळद, तिखट घातले. फोडी खाली बसेनात, वर येत राहिल्या. तेव्हा कपाटातून एक लहान ताटली शोधली, बरोबर बसली, तीच असावी. दगड नळाखाली धुतला, पुसला आणि तुटका कोपरा भिंतीकडे करून ताटलीवर ठेवला. रस हळूहळू ताटलीच्या कडेपर्यंत आला.

मग बरणीच्या तोंडाला अस्तराचा तुकडा बांधला. रोज उघडून हलवावे लागते, म्हणून गाठ सैल ठेवली आहे.

आपला,
त्र्यंबक